घटक ५ : निवडलेला राजा : कल्पित राज्याची रचना आणि भाषा

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास पुढील गोष्टी करता येतील :

• कल्पित राज्याची ‘अंतर्गत सुसंगती’ म्हणजे काय, हे स्पष्ट करणे.
• लोककथेतील दैवी निवड आणि कादंबरीतील मानवी निवड यांतील फरक सोदाहरण सांगणे.
• वाक्यातील क्रियापद आणि प्रयोग यांवरून निवडीकडे पाहण्याची निवेदकाची दृष्टी ओळखणे.
• निवडलेल्या राजाचे एक छोटे कल्पित राज्य स्वतः रचणे.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, मराठी कादंबरीच्या आरंभकाळात अद्भुतरम्य कादंबरीचा प्रवाह जोरकस होता. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) ही त्या प्रवाहातील ठळक नावे आपणास परिचित आहेत. या प्रकारच्या कथनात राजघराण्यातील नायक-नायिका असतात, त्यांची ताटातूट होते, कारस्थाने होतात आणि शेवटी हक्काचा माणूस हक्काच्या जागी येऊन बसतो. ‘हक्काचा’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. हा हक्क जन्माने मिळालेला असतो. त्यामुळे राज्य कोणाचे, हा प्रश्न कथेत कधी उपस्थितच होत नाही. ज्याचे आहे त्याला ते परत कसे मिळेल, एवढाच प्रश्न असतो.

आता अशी कल्पना करा, की एका कल्पित राज्यात गादीला वारस नाही आणि तो असावा अशी रीतही नाही. राजा मरण पावला, की नवा राजा निवडला जातो. एवढा एक बदल केला, तरी कथेचा सगळा सांगाडा बदलतो. हरवलेला राजपुत्र, खांद्यावरची जन्मखूण, दाईने केलेली अदलाबदल ही जुनी कथासूत्रे निरुपयोगी ठरतात. त्यांच्या जागी नवे प्रश्न येतात. निवडायचे कोणी? कशा रीतीने? निवडलेल्याला काढता येते का? आणि निवडण्याचा अधिकार ज्यांना नाही, त्यांचे काय?

इंग्रज कादंबरीकार आणि भाषाशास्त्रज्ञ जे. आर. आर. टॉल्किन यांनी १९३९ साली परीकथांविषयी दिलेल्या प्रसिद्ध व्याख्यानात असा विचार मांडला, की अद्भुतकथेचा लेखक एक दुय्यम विश्व निर्माण करतो आणि त्या विश्वाचे नियम आतून एकमेकांशी जुळणारे असतील, तरच वाचकाचा त्यावर विश्वास बसतो. यालाच आपण अंतर्गत सुसंगती म्हणतो. निवडलेल्या राजाचे राज्य हा या सुसंगतीची परीक्षा पाहणारा उत्तम नमुना आहे. या घटकात आपण एकच प्रश्न सर्वत्र विचारणार आहोत : राजाला निवडले कोणी, आणि ते सांगताना भाषा काय दाखवते व काय झाकते?

५.२ विषयविवेचन

५.२.१ हत्तिणीची माळ : लोककथेतील निवड

निवडलेला राजा मराठी मनाला अपरिचित नाही. गावचा राजा निपुत्रिक मरतो. प्रधान हत्तिणीच्या सोंडेत माळ देतात. हत्तीण नगरभर हिंडते आणि वेशीबाहेर झाडाखाली बसलेल्या एखाद्या भुकेल्या वाटसरूच्या गळ्यात माळ घालते. लोक म्हणतात, चुकली, पुन्हा फिरवा. पुन्हा फिरवली तरी माळ त्याच्याच गळ्यात पडते. वाटसरू राजा होतो. आपल्यापैकी अनेकांनी ही गोष्ट लहानपणी आजीकडून ऐकली असेल.

हे कथासूत्र फार जुने आणि दूरवर पसरलेले आहे. जैन कथावाङ्मयात हत्ती, घोडा, छत्र, चामर आणि जलकलश या पाच दिव्य वस्तूंच्या साहाय्याने राजा ठरविला जातो. त्या विधीला ‘पंचदिव्याधिवास’ असे नाव आहे. पाली जातकांपैकी महाजनक जातकात हत्तीऐवजी मंगलरथ येतो. राजा मरण पावल्यावर मिथिलेतून तो रथ सोडला जातो आणि तो आमराईत शिळेवर निजलेल्या महाजनकापाशी जाऊन थांबतो.

या निवडीचे वैशिष्ट्य कोणते? येथे निवड आहे, पण निवडणारा माणूस नाही. हत्तिणीला मत नसते, स्वार्थ नसतो, नातेवाईक नसतात. म्हणून तिचा कौल दैवाचा कौल मानला जातो. राजा पुढे वाईट निघाला, तरी त्याला निवडल्याचा दोष कोणावर येत नाही. त्याचबरोबर, ही गोष्ट गरिबाला मोठा दिलासा देते. जन्माच्या हक्काची साखळी तुटू शकते, एवढे ती मान्य करते. मात्र ती साखळी माणसांनी तोडावी, असे ती म्हणत नाही.

माळेचा अर्थही ध्यानात घ्यावा. आपल्या परंपरेत माळ घालून निवडण्याचा दुसरा प्रसिद्ध प्रसंग म्हणजे स्वयंवर. राजासाठी असलेले भूपती, पृथ्वीपती हे शब्द पाहिले, तर राजा हा भूमीचा पती मानला गेल्याचे दिसते. त्या दृष्टीने हत्तिणीची माळ ही जणू भूमीने केलेली वरमाला आहे. ‘वरणे’ हे क्रियापद दोन्हीकडे लागू पडते. अथर्ववेदाच्या तिसऱ्या कांडातील एका सूक्तात प्रजा राजाला राज्यासाठी वरते असा उल्लेख आहे आणि तेथेही ‘वृ’ हाच धातू योजलेला आहे.

५.२.२ माणसांनी केलेली निवड : परंपरा आणि इतिहास

दैवाच्या जागी माणसे आली, की निवडीमागे एक करार दिसू लागतो. दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्तात ही कथा आहे. लोक भाताच्या शेताचे वाटे करतात, मग चोरी सुरू होते, भांडणे होतात. तेव्हा ते एकत्र येऊन आपल्यातील एकाला निवडतात. त्याने अपराध्याला शासन करायचे आणि त्याबद्दल लोकांनी त्याला भाताचा वाटा द्यायचा. पुष्कळांच्या संमतीने निवडलेला म्हणून त्याचे नाव ‘महासम्मत’. महाभारताच्या शांतिपर्वातील मनूच्या कथेत लोक त्याच्यापुढे बोलीच ठेवतात : पशू आणि सोने यांचा पन्नासावा भाग आणि धान्याचा दहावा भाग. मनू आधी कचरतो, हेही कथाकाराने नोंदविले आहे. निवडलेल्या माणसाला नकार देता येतो, हे यात सूचित होते.

शिलालेख आणि ताम्रपट यांतही असा उल्लेख सापडतो. पाल घराण्यातील धर्मपालाच्या खालिमपूर ताम्रपटात त्याच्या पित्याविषयी, म्हणजे गोपालाविषयी असे म्हटले आहे, की मत्स्यन्याय संपविण्यासाठी ‘प्रकृतीं’नी त्याच्या हाती राज्यलक्ष्मी दिली. मोठा मासा लहान माशाला खातो अशी अराजकाची अवस्था म्हणजे मत्स्यन्याय. ही आठव्या शतकातील बंगालची घटना. येथे ‘प्रकृती’ म्हणजे नेमके कोण? सर्व प्रजा, की राज्यातील प्रमुख मंडळी? दोन्ही अर्थ संभवतात. निवडणाऱ्याचे नाव असे संदिग्ध राहिले, की इतिहासकारांना वाद घालावा लागतो. कथालेखकाला मात्र त्याच संदिग्धतेत कथेचे बीज सापडते.

युरोपात ही व्यवस्था कायद्याने बांधली गेली. पवित्र रोमन साम्राज्यात १३५६ च्या सुवर्ण आज्ञापत्राने राजा निवडण्याचा अधिकार सात जणांकडे दिला : माइन्त्स, ट्रियर आणि कोलोन येथील तीन आर्चबिशप, बोहेमियाचा राजा, ऱ्हाइनचा पॅलेटाइन काउंट, सॅक्सनीचा ड्यूक आणि ब्रांडेनबुर्गचा मारग्रेव्ह. निवड करणारे इतके थोडे असले, की त्यांना सांभाळणे एखाद्या बलाढ्य घराण्याला शक्य होते. १४३८ पासून अठराव्या शतकापर्यंत हे पद हॅब्सबर्ग घराण्यातच फिरत राहिले. निवडणूक होत होती. निकाल बहुधा ठरलेला होता.

पोलंड-लिथुआनियाच्या राज्यात याच्या उलट टोक दिसते. १५७२ साली यागेलोन घराण्यातील शेवटचा राजा निपुत्रिक मरण पावला आणि १५७३ साली वॉर्साजवळच्या मैदानावर राजा निवडण्यात आला. प्रत्येक सरदाराला, मग तो कितीही लहान असो, तेथे स्वतः येऊन मत देण्याचा अधिकार होता. राजा नसण्याच्या काळात ग्न्येझ्नोचा आर्चबिशप राज्यकारभार पाहत असे. निवडून आलेल्या फ्रेंच राजपुत्र हेन्रीला अटी मान्य कराव्या लागल्या : हयातीत उत्तराधिकारी नेमायचा नाही, संसद दर दोन वर्षांनी भरवायची, आणि अटी मोडल्या तर सरदार आज्ञापालनातून मुक्त होतील. पुढच्याच वर्षी फ्रान्सची गादी रिकामी झाली, तेव्हा हेन्री क्राकोहून रात्री निघून गेला. पुढे शेजारच्या सत्तांचा पैसा आणि फौजा या निवडणुकांत शिरल्या. १७९१ च्या संविधानाने गादी वंशपरंपरागत केली; परंतु १७९५ साली ते राज्यच नकाशावरून पुसले गेले. या दीर्घ कालखंडात शेतात राबणाऱ्या कुळांना मताचा अधिकार कधीच नव्हता, हेही विसरता कामा नये.

ही व्यवस्था केवळ इतिहासजमा झालेली नाही. मलेशियात १९५७ पासून नऊ वंशपरंपरागत शासक आपल्यातून एकाला पाच वर्षांसाठी देशाचा राजा म्हणून निवडतात.

५.२.३ आधुनिक अद्भुतरम्य कादंबरीतील निवड

टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या तिसऱ्या खंडात (१९५५) ॲरागॉर्न वंशाच्या हक्काने परत येतो. त्याने नगरात प्रवेश करून राजा व्हावे का, असे जमलेल्या लोकांना विचारले जाते आणि सारे एका आवाजात होकार देतात. हा प्रसंग निवडणुकीसारखा वाटतो. पण तेथे दुसरा उमेदवार नाही आणि ‘नाही’ हे उत्तर येण्याची शक्यताही नाही. याला आपण ‘जयघोष’ म्हणू. गंमत अशी, की त्याच कादंबरीतील छोट्याशा शायर प्रदेशात नगराध्यक्ष मात्र दर सात वर्षांनी खरोखर निवडला जातो. एकाच कल्पित विश्वात दोन रीती नांदू शकतात आणि त्यांच्यातील फरकही अर्थपूर्ण असतो.

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ फीस्ट फॉर क्रोज’ (२००५) या कादंबरीतील लोहद्वीपांची निवडणूक अधिक विस्ताराने पाहण्यासारखी आहे. दर्यावर्दी लुटारूंच्या या बेटांवर राजाच्या मृत्यूनंतर एरॉन हा पुरोहित फार पूर्वी बंद पडलेली निवडसभा पुन्हा बोलावतो. आपला क्रूर भाऊ युरॉन राजा होऊ नये, हा त्याचा हेतू असतो. स्वतःचे जहाज असलेल्या प्रत्येक कप्तानाला तेथे आवाज आहे. इच्छुक पुढे येतात आणि त्यांची माणसे पेट्या उघडून कप्तानांच्या पायाशी भेटी ओततात. मृत राजाची कन्या ॲशा भेट म्हणून दगडगोटे, पाइनची फळे आणि सलगम दाखवते : एवढी युद्धे करून आपल्या हाती एवढेच आले, म्हणून तह करू. युरॉन शेवटी आपल्या माणसाकरवी एक प्रचंड शिंग वाजवून घेतो आणि ड्रॅगन वश करून देण्याचे वचन देतो. सभा त्याला राजा करते.

मार्टिन यांनी येथे निवडणुकीची थोरवी गायिलेली नाही आणि तिची टिंगलही केलेली नाही. मतदार कोण आहेत, यावरून निकाल कसा घडतो, ते त्यांनी दाखविले आहे. जहाज असलेल्याला मत असेल, तर जहाज चालविण्याचे कारण देणाराच निवडून येईल. तहात कप्तानाचा फायदा नाही. बेटांवरच्या दासांना आवाज असता, तर ॲशाच्या सलगमांचे वजन वेगळे भरले असते. सुसंगती म्हणतात ती ही.

या सभेला लेखकाने ‘किंग्जमूट’ असे नाव दिले आहे. ‘मूट’ हा सभा या अर्थाचा जुना इंग्रजी शब्द. मराठीत आणताना ‘राजसभा’ हा शब्द सहज सुचतो. पण राजसभा म्हणजे राजाची सभा, राजा आधीच असलेली. आपल्याला हवी आहे राजा ठरविण्यासाठी भरलेली सभा. समास तोच दिसला, तरी विग्रह बदलतो. अनुवादकाला येथे ‘राजनिवड’ यासारखा शब्द घडवावा लागेल.

स्वयं-अध्ययन प्रश्न १

(अ) हत्तिणीने केलेल्या निवडीचा दोष कोणावर का येत नाही?
(आ) ‘जयघोष’ आणि ‘निवड’ यांतील फरक दोन वाक्यांत सांगा.

५.२.४ क्रियापद कोणाच्या बाजूचे?

आता भाषेकडे वळू. पुढील वाक्ये एकाच घटनेची आहेत, असे समजा :

(१) तो राजा झाला.
(२) हत्तिणीने त्याच्या गळ्यात माळ घातली.
(३) तो निवडून आला.
(४) लोकांनी राजा निवडून दिला.
(५) लोकांनी त्याला निवडून दिले.

पहिल्या वाक्यात निवडणाऱ्याचा पत्ताच नाही. पाऊस झाला, संध्याकाळ झाली, तसा तो राजा झाला. वंशपरंपरेच्या कथांना हे वाक्य प्रिय असते. दुसऱ्या वाक्यात कर्ता आहे, पण कर्मणी प्रयोगामुळे ‘घातली’ हे क्रियापद ‘माळ’ या शब्दाप्रमाणे चालते. निवडणाऱ्या हत्तिणीकडे ते पाहत नाही आणि निवडलेल्या माणसाकडेही पाहत नाही. दैवी निवडीचे रहस्य जणू व्याकरणातच उमटले आहे.

तिसरे आणि चौथे वाक्य मराठीच्या संयुक्त क्रियापदांची करामत दाखवतात. ‘निवडून येणे’ म्हटले, की उमेदवार स्वतः चालत आल्यासारखा वाटतो आणि लोक वाक्याबाहेर राहतात. ‘निवडून देणे’ म्हटले, की लोकांना कर्ता म्हणून वाक्यात यावेच लागते, कारण देण्याला देणारा लागतो. तरीही चौथ्या वाक्यात क्रियापद राजाच्या लिंगवचनाप्रमाणेच चालते : राजा निवडून दिला, राणी निवडून दिली. पाचव्या वाक्यात भावे प्रयोग आहे. क्रियापद कोणाच्याच मागे जात नाही.

यावरून कोणता प्रयोग चांगला व कोणता वाईट, असा निष्कर्ष काढू नये. प्रयोग ही भाषेची व्यवस्था आहे, राजकीय मत नव्हे. मात्र कोणते वाक्य कोठे योजायचे, हे निवेदक ठरवतो. कादंबरीतील दरबारी बखरकार ‘महाराज निवडून आले’ असे लिहील. मडक्यात दाणा टाकून आलेली म्हातारी म्हणेल, ‘आम्हीच दिलाय त्याला निवडून.’ दोन्ही वाक्ये एकाच पानावर आली, की वेगळे भाष्य करण्याची गरज उरत नाही.

‘निवडणे’ या शब्दाचा घरगुती अर्थही विसरू नका. आपण तांदूळ निवडतो, भाजी निवडतो. तेथे निवडणे म्हणजे खडे आणि किडके बाजूला काढणे. ‘वरणे’ या शब्दात पसंती आहे. ‘निवडणे’ या शब्दात पारख आणि टाकून देणे आहे.

५.२.५ एक नमुना राज्य : नवखोरे

आतापर्यंतचे विवेचन प्रत्यक्ष रचनेत कसे उतरते, हे पाहण्यासाठी आपण एक राज्य कल्पू. त्याचे नाव नवखोरे. एका उंच पर्वताभोवती नऊ खोरी आहेत. काहींची जमीन काळी आणि सुपीक आहे, काही केवळ डोंगरउतार आहेत. येथे राजा एका तपासाठी, म्हणजे बारा वर्षांसाठी निवडला जातो. प्रत्येक इच्छुकाच्या नावाचे मडके पर्वताच्या पायथ्याशी मांडतात आणि प्रत्येक उंबऱ्यामागे एक ज्वारीचा दाणा पसंतीच्या मडक्यात टाकतात. (मडक्याची कल्पना अगदीच हवेतली नाही. तमिळनाडूतील उत्तरमेरूर येथील दहाव्या शतकातील शिलालेखांत, गावसभेच्या समित्यांसाठी ताडपत्रांवर नावे लिहून ती मडक्यातून काढण्याची रीत नोंदलेली आहे. तेथे चिठ्ठी होती. आपण मत घेतले.)

आता एकच प्रश्न विचारू : दाणे मोजायचे कसे? नवखोऱ्यातील लोक धान्य मापाने मोजतात. म्हणून मडक्यांतील दाणेही मापट्याने, चिपट्याने मोजण्याची जुनी रीत आहे. वरवर पाहता ती निर्दोष वाटते. पण काळ्या जमिनीतला दाणा टपोरा असतो आणि उतारावरचा बारीक. मापाने मोजले, तर टपोऱ्या दाण्यांचे माप लवकर भरते. म्हणजे उंबरे तेवढेच असले, तरी सुपीक खोऱ्याचे मत जड होते. कोणी कपट केलेले नाही, नियम सर्वांना सारखा आहे आणि तरीही राजा नेहमी काळ्या जमिनीचाच होतो. एके वर्षी उतारावरची एक मुलगी उठून म्हणते, ‘मापू नका, मोजा.’ येथून कथा सुरू होते.

मित्रांनो, लक्षात घ्या, की या कथेला राक्षस किंवा जादूची तलवार लागली नाही. पीक, माप आणि रीत या तीन गोष्टी एकमेकींशी जोडल्या आणि संघर्ष आतून उगवला. कल्पित राज्य रचताना प्रथम नकाशा काढण्याऐवजी प्रथम मोजणीची रीत ठरवावी, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत असतो.

राज्याबरोबर भाषाही घडवावी लागते. नवखोऱ्यात ‘युवराज’ हा शब्द असणार नाही, ‘राजघराणे’ हाही नाही. ज्याचा बाप पूर्वी राजा होता आणि ज्याची ऐट अजून गेलेली नाही, अशाला लोक ‘मागल्या तपाचा’ म्हणतील. ‘राजा बोले, दळ हाले’ ही आपली म्हण तेथे ‘दळ बोले, राजा हाले’ अशी होईल. ‘दाणा टाकणे’ याचा अर्थ मत देणे असा होईल. पण कोंबड्यांनाही दाणे टाकतात; म्हणून इच्छुकाने लोकांना आमिष दाखविले, तर ‘यंदा तोच दाणे टाकतो आहे’ असे कुत्सितपणे म्हटले जाईल. एकाच वाक्प्रचाराच्या या दोन अर्थांत त्या राज्याचे सगळे राजकारण मावते.

५.२.६ यादीबाहेरची माणसे

उंबऱ्यामागे एक दाणा हा नियम आपण सहज केला. आता त्या नियमाबाहेर कोण राहिले, ते पाहू. मेंढ्या घेऊन खोऱ्याखोऱ्यांतून फिरणाऱ्या मेंढपाळाला उंबरा नाही. त्याला दाणा नाही. घरात सहा माणसे असली, तरी दाणा एकच. तो मुठीत घेऊन पायथ्याशी कोण जातो? बहुधा घरातला कर्ता पुरुष. ‘कर्ता पुरुष’ हा शब्दप्रयोग मराठीचाच आहे आणि व्याकरणातला कर्ताही याच शब्दाने ओळखला जातो, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे. दाणे निवडण्याचे काम रोज ज्या करतात, त्यांच्या हाती निवडीचा दाणा नाही.

हे केवळ कल्पित राज्यातच घडते असे नाही. स्वतंत्र भारतातील पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली. प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत होते. मतदारयाद्या तयार करताना असे आढळले, की उत्तर भारतातील अनेक स्त्रिया परक्या माणसाला स्वतःचे नाव सांगत नाहीत. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ अशीच नोंद व्हावी, असे त्यांच्याकडील रीतीने ठरविले होते. निवडणूक आयोगाने स्वतःचे नाव सांगणे आवश्यक मानले आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळली गेली. अधिकार कायद्याने दिला होता. तो बजावण्यासाठी कर्त्याच्या जागी स्वतःचे नाव यावे लागत होते आणि ते नाव उच्चारण्याची मुभा भाषाव्यवहार देत नव्हता. षष्ठी विभक्तीतून प्रथमेत येण्याचा तो प्रवास होता. पुढच्या निवडणुकांत त्यांतील असंख्य नावे यादीत आली.

कल्पित राज्य आपणास हेच शिकवते. परक्या राज्याचे नियम तपासताना अंगवळणी पडलेले आपले नियम नव्याने दिसू लागतात. आपल्यापैकी अनेकांनी मतदानाच्या रांगेत उभे राहून यादीत आपले नाव शोधले असेल. ते सापडले नाही, तर काय वाटते, हेही काहींना ठाऊक असेल. नवखोऱ्याच्या मेंढपाळाविषयी लिहिताना तो अनुभव उपयोगी पडेल.

स्वयं-अध्ययन प्रश्न २

(अ) ‘निवडून येणे’ आणि ‘निवडून देणे’ यांत कर्त्याच्या दृष्टीने कोणता फरक आहे?
(आ) नवखोऱ्यात मापाने मोजणी केल्याने कोणाचा फायदा होतो? का?

५.३ सारांश

वंशपरंपरेच्या कथेत राज्य कोणाचे हा प्रश्न आधीच सुटलेला असतो. निवडलेल्या राजाच्या कथेत तोच प्रश्न मध्यवर्ती होतो. लोककथेतील हत्तीण दैवाच्या वतीने निवडते, म्हणून त्या निवडीला जबाबदार माणूस नसतो. महासम्मत आणि मनू यांच्या कथांत निवडीमागे करार दिसतो. पवित्र रोमन साम्राज्य आणि पोलंड यांच्या इतिहासावरून निवडणारे किती आणि कोण, यावर राज्याचे भवितव्य कसे अवलंबून असते, हे कळते. मार्टिन यांच्या कादंबरीतील निवडसभा हेच तत्त्व कथनातून दाखवते. मराठीतील क्रियापदे आणि प्रयोग निवडणाऱ्याला वाक्यात आणतात किंवा वाक्याबाहेर ठेवतात. कल्पित राज्य रचताना निवडीची रीत, त्या रीतीचे परिणाम आणि त्यातून घडणारी भाषा यांचा एकत्र विचार केला, म्हणजे अंतर्गत सुसंगती साधते. यादीबाहेर राहिलेला माणूस हा अशा कथेचा सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार असतो.

५.४ पारिभाषिक शब्द

अंतर्गत सुसंगती : कल्पित विश्वाचे नियम परस्परांशी जुळणारे असणे.
दुय्यम विश्व : लेखकाने निर्माण केलेले, स्वतःचे नियम असलेले जग.
पंचदिव्याधिवास : पाच दिव्य वस्तूंच्या साहाय्याने राजा ठरविण्याचा कथागत विधी.
मत्स्यन्याय : बलवानाने दुर्बलाला गिळावे अशी अराजकाची स्थिती.
जयघोष : पर्याय नसताना समूहाने दिलेली एकमुखी संमती.
संयुक्त क्रियापद : धातुसाधित आणि सहायक क्रियापद मिळून एकच क्रिया दाखविणारे रूप.

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१ (अ) हत्तिणीला स्वतःचे मत किंवा स्वार्थ नसल्यामुळे तिची निवड दैवाची मानली जाते. त्यामुळे कोणताही माणूस तिला जबाबदार ठरत नाही.
(आ) जयघोषात एकच व्यक्ती समोर असते आणि नकाराची शक्यता नसते. निवडीत एकाहून अधिक पर्याय असतात व नकार देता येतो.

२ (अ) ‘निवडून येणे’ यात निवडलेली व्यक्ती कर्ता होते आणि निवडणारे वाक्याबाहेर राहतात. ‘निवडून देणे’ यात निवडणारे कर्ता म्हणून वाक्यात येतात.
(आ) काळ्या, सुपीक जमिनीच्या खोऱ्यांचा. तेथील दाणे टपोरे असल्यामुळे तेवढ्याच मतांनी माप अधिक भरते.

५.६ स्वाध्याय

१. लोककथेतील आणि आधुनिक कादंबरीतील राजाच्या निवडीची तुलना करा. (सुमारे ३०० शब्द)
२. एखाद्या निवडणुकीच्या निकालाच्या दिवशीचे मराठी दैनिक घ्या. ‘निवडून आले’, ‘विजयी झाले’, ‘निवडून दिले’ अशा क्रियापदांची नोंद करा. मतदार किती वाक्यांत कर्ता म्हणून येतात, ते मोजा आणि आपला निष्कर्ष लिहा.
३. नवखोऱ्यातील मेंढपाळाच्या तोंडून निवडणुकीच्या दिवसाचे प्रथमपुरुषी निवेदन लिहा.
४. आपल्या घरातील किंवा गावातील वयस्कर व्यक्तीकडून हत्तिणीच्या माळेची गोष्ट ऐका आणि ती सांगणाऱ्याच्या बोलीत जशीच्या तशी लिहून घ्या. राजा झाल्याचे सांगताना त्यांनी कोणते क्रियापद वापरले, ते अधोरेखित करा.